जत्रेत पाळणे येऊ द्यायचे की नाही?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

परवा रात्री साडेनऊला फोन आला. नंबर सेव्ह होता, 'पाळणेवाले मामू'. गेली पंचवीसेक वर्षं आपल्या जत्रेत आकाशपाळणा आणि लहान पोरांची ड्रॅगन ट्रेन घेऊन येणारे. नाव लिहीत नाही, पण जत्रेत ज्याने ज्याने पाळण्यात पाय ठेवलाय, त्याने त्यांना बघितलंय. पांढरी दाढी, खांद्यावर टॉवेल आणि हातात कायम पाना.

"साहेब, यंदा आणू का नको, तेवढं सांगा. दोन गाड्यांचं डिझेल भरायचंय."

मी म्हटलं, "मामू, बैठक व्हायचीय अजून. सोमवारी ठरतंय."

"ठरलं तर कळवा. नाय ठरलं तरी कळवा. दुसऱ्या गावाला तरी जातो."

फोन ठेवला आणि झोप लागेना. तुम्हाला माहीत आहेच, आपल्या ग्रुपवर आठ दिवस एकच चर्चा चालू आहे. यंदा जत्रेत पाळण्यांना परवानगी द्यायची की नाही? एक गट म्हणतो, कशाला ते गंजके सांगाडे, कुणाचा जीव गेला तर जबाबदार कोण? ज्याला हौस आहे त्याने मोठ्या पार्कात जावं. दुसरा गट म्हणतो, पाळण्याशिवाय जत्रा कसली! दोन्ही गटांनी मला टॅग केलंय. "पत्रकार गप्प का?" म्हणून विचारलंय.

गप्प होतो, कारण या विषयात माझं स्वतःचं एक जुनं देणं आहे. ते शेवटी सांगतो. आधी दोन्ही बाजू बघू.

मोठं पार्क

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं एका मोठ्या कंपनीच्या पार्कात गेलो होतो. नाव महत्त्वाचं नाही. मुलगी आठवीत आहे, तिच्या वर्गातल्या सगळ्या जाऊन आल्या होत्या. भाड्याची गाडी, चार तिकिटं, आतलं जेवण, सगळं धरून साडेबारा हजार गेले. तालुक्याच्या पत्रकाराला साडेबारा हजार म्हणजे काय, ते ज्यांना माझं मानधन माहीत आहे त्यांनी समजून घ्यावं.

पण खोटं बोलणार नाही. तिथलं काही बघून मला आपल्या जत्रेची लाज वाटली.

प्रत्येक राइडवर पोरगं बसलं की एक कर्मचारी येऊन पट्टा ओढून बघायचा. त्याच्यामागून दुसरा यायचा आणि परत ओढून बघायचा. दोघांनी अंगठा दाखवल्याशिवाय राइड सुरू व्हायची नाही. रांगेच्या तोंडाला उंची मोजायची पट्टी. माझं धाकटं दुसरीत आहे, ते चार बोटं कमी भरलं. रडून गोंधळ घातला. मीही त्या पोरीला म्हटलं, "अहो ताई, चार बोटांनी काय होतंय?" ती शांतपणे म्हणाली, "सर, पट्टा त्याच्या खांद्याला बसणार नाही." त्या वेळी राग आला. गाडीत बसल्यावर वाटलं, आपल्या जत्रेत असं 'नाही' मला कुणी कधी म्हटलंय का?

बायकोने दुसरी गोष्ट सांगितली. म्हणाली, "इथं बाईमाणसाला बरं वाटतं. संडास स्वच्छ आहे, कपडे बदलायला जागा आहे, गर्दीत कुणी धक्का मारत नाही." जत्रेच्या गर्दीत हात पुढे धरून, ओढणी सावरत चालणाऱ्या पोरी आपण सगळ्यांनी बघितल्यात. आपण त्याला 'जत्रेची गर्दी' म्हणतो आणि विषय सोडून देतो.

आता खटकलेलं. घरून नेलेली पाण्याची बाटली आणि चपात्या-शेंगाचटणीचा डबा गेटवर ठेवून घेतला. आत वडापाव विचारून घ्यावा असा भाव. आणि सगळ्यात जास्त खटकलं ते रांगेचं. आम्ही पन्नास मिनिटं उन्हात उभे, आणि बाजूच्या गेटातून जास्तीचं तिकीट काढलेली माणसं सरळ आत. मुलीने विचारलं, "पप्पा, त्यांना का सोडतायत?" म्हटलं, "त्यांनी जास्त पैसे दिलेत." ती म्हणाली, "मग ती रांग कशी काय?" मला उत्तर देता आलं नाही. (आपल्या जत्रेतही नगरसेवकाचं पोरगं रांगेत उभं राहत नाही, हे मला माहीत आहे. पण निदान तिथं बाकीचे ओरडतात तरी.)

जत्रा

आता मामूंचा पाळणा.

जत्रेच्या आठ दिवस आधी दोन ट्रक येतात. एकात लोखंड, दुसऱ्यात संसार. मामू, मामी, दोन मुलं, सुना, नातवंडं. खाली लाकडी ठोकळे आणि जॅक लावून पातळी साधायची, मग खांब, मग आरे, मग एकेक पाळणा टांगायचा. तिकीट खिडकीवर मामी बसतात. खिडकी म्हणजे पत्र्याचं टपरं. त्यांना सुट्ट्याचा हिशोब तोंडपाठ आणि गावातली निम्मी पोरं नावाने ओळखीची.

तिकीट पन्नास रुपये. ऊसतोडीहून परतलेलं कुटुंब, वीटभट्टीवरचं जोडपं, हॉटेलात कपबशा धुणारी पोरं, ही माणसं मोठ्या पार्काच्या गेटवरसुद्धा कधी जाणार नाहीत. त्यांच्या वर्षातली हौस म्हणजे हाच पाळणा. रात्री अकरानंतर गर्दी ओसरली की पैसे नसलेली चार पोरं खांबाजवळ रेंगाळतात. मामू हातानेच खूण करतात, 'बसा'. हे मी अनेक वर्षं बघतोय.

माझी आई आयुष्यात एकदाच आकाशपाळण्यात बसली. मी सहावीत होतो. पाळणा वर थांबला तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरला होता. पण डोळे उघडे होते. खाली उतरल्यावर म्हणाली, "आपलं घर दिसलं रं वरनं. केवढंसं हाय." त्याआधी तिने गाव वरून कधी बघितलंच नव्हतं. आमच्याकडे दोन मजली घरसुद्धा नव्हतं.

सोलापूरच्या गड्ड्यालाही तेच. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावर पाळण्यांचे दिवे, मौत का कुआँमध्ये लाकडी भिंतीवर आडवी फिरणारी मोटारसायकल. आमच्या पिढीचं 'थीम पार्क' तेच होतं. एस्सेलवर्ल्ड गोराईला १९८९ मध्ये सुरू झालं, पण आम्हाला ते फक्त टीव्हीच्या जाहिरातीत दिसायचं. मुंबईला नातेवाईक असलेली पोरं वर्गात त्याच्यावर भाव खायची.

घरचं विरुद्ध कंपनीचं, एवढं सोपं नाही

आपण बोलताना दोन कप्पे करतो. घरचा धंदा म्हणजे माया आणि गंज, कंपनी म्हणजे पैसा आणि सुरक्षा. थोडं खोलात गेलं की हे कप्पे टिकत नाहीत.

खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये मनमोहन शेट्टींच्या अॅडलॅब्जने उभं केलं. पुढे ते कर्जात गेलं आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ताब्यात घेतलं. संगमनेर म्हणजे आपल्यासारखंच तालुक्याचं गाव, आणि मालपाणी म्हणजे पिढीजात व्यापारी घराणं. कोचीचं वंडरला आधी वीगालँड म्हणून २००० मध्ये सुरू झालं. ते काढणारे व्ही-गार्डवाले चिट्टिलापिळ्ळी, म्हणजे तेही एका घरानेच उभं केलेलं.

परदेशातलं बघायचं तर जर्मनीतलं युरोपा-पार्क. मॅक नावाचं घराणं १७८० पासून गाड्या बनवायचं, घोडागाड्या. पुढे ते जत्रेत फिरणाऱ्या खेळवाल्यांसाठी गाड्या आणि पाळणे बनवू लागले. १९७५ मध्ये त्यांनी स्वतःचं पार्क काढलं. आज ते युरोपातल्या सगळ्यात मोठ्या पार्कांपैकी आहे आणि अजून त्याच घराकडे आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात नोबल्स नावाचं पार्क आहे, १९२६ पासून एकाच घराण्याचं. तिथं आत जायला पैसे नाहीत, पार्किंगला पैसे नाहीत. ज्या पाळण्यात बसाल त्याचं तिकीट काढा. म्हणजे आपल्या जत्रेसारखंच की!

आणि सुरक्षेचं म्हणाल तर कंपनी असली म्हणजे अपघात होत नाही, असंही नाही. इंग्लंडमध्ये आल्टन टॉवर्स हे मोठ्या कंपनीचं पार्क. २०१५ मध्ये तिथल्या रोलर कोस्टरची भरलेली गाडी रुळावर थांबलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. सोळा जण जखमी, दोन तरुण मुलींचा एकेक पाय कापावा लागला. पण पुढे काय झालं तेही बघा. चौकशी झाली, चूक कुणाची ते ठरलं आणि पुढच्याच वर्षी कोर्टाने कंपनीला पन्नास लाख पौंड दंड केला.

आपल्याकडे २०१९ च्या जुलैमध्ये अहमदाबादला कांकरिया तलावाजवळची राइड मोडून दोघं गेले. ती जत्रा नव्हती, कायमची जागा होती. २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंच झुला वरून सरळ खाली आदळला, डझनाहून जास्त लोक जखमी. २०२४ च्या मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनला आग लागून सत्तावीस जीव गेले. तिथं अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्रच नव्हतं. शहराच्या मध्यभागी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालू होतं.

म्हणजे प्रश्न घरचा की कंपनीचा, हा नाही. कुणी खरोखर येऊन तपासलं का, हा प्रश्न आहे.

माझं देणं

आता ते सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी आपल्याच जत्रेत एका ब्रेक डान्सच्या खुर्चीची कडी निघाली. एक पोरगं फेकलं गेलं. नशिबाने हात मोडण्यावर निभावलं. मी तेव्हा जिल्हा आवृत्तीला बातम्या द्यायचो. रात्री बाराला बातमी पाठवली. मथळा मीच दिला होता, 'जत्रेत मृत्यूचे पाळणे!' पहिल्या पानावर लागली. चार कॉलम. नावासकट.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मैदानातले सातही पाळणे बंद. पंचनामा, सील. जत्रेचे चार दिवस बाकी होते. ज्याची कडी निघाली तो माणूस रात्रीतच सामान टाकून पळाला होता. बाकीचे सहा जण बसून राहिले. जागेचं भाडं आधीच भरलेलं, ते परत मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी मामू माझ्याकडे आले. टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं. टेबलावर सोडलं तर नट-बोल्ट. म्हणाले, "साहेब, हे मी दरवर्षी बदलतो. जुने हे, नवे हे. तुम्ही बातमी दिली ते बरोबरच केलं. पोरगं पडलं, बातमी व्हायलाच पायजे. पण माझा पाळणा तपासून तरी बंद करायचा की. तपासायला कोणच आलं नाय. चालू करतानाबी नाय, बंद करतानाबी नाय."

मी गेलो आणि परवानगीची फाइल मागितली. ओळखीने बघायला मिळाली. सातही पाळण्यांचं तांत्रिक तपासणीचं प्रमाणपत्र होतं. सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. फक्त तारीख बघितली आणि थंडगार पडलो. पाळणे मैदानात उभे राहायच्या दोन दिवस आधीची तारीख होती. म्हणजे तपासणाऱ्याने ट्रकमधलं लोखंड तपासलं होतं. की तेही नाही, देव जाणे.

डिप्लोमाला आम्हाला पहिल्याच आठवड्यात सहा ककार शिकवले होते. कोण, काय, कुठे, कधी, का, कसे. माझ्या पहिल्या बातमीत 'का' नव्हता. तो आता हातात आला होता. डेस्कला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "तो विषय झाला आता. दुसरं काही आहे का?" आणि मी दुसरं काहीतरी दिलं. बहुतेक पाणीटंचाई.

ती दुसरी बातमी मी आजवर लिहिली नाही. कुठल्या साहेबाने दाबली नाही, कुणी धमकावलं नाही. मीच सोडून दिली. मामूंनी पुढची दोन वर्षं आपल्याकडे गाडी आणली नाही. तिसऱ्या वर्षी आले ते कर्ज काढून, असं मामींकडून कळलं. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. जत्रेत भेटले की अजून चहा पाजतात. तो चहा मला नीट जात नाही.

म्हणून ही पोस्ट म्हणजे ती राहिलेली बातमी समजा. नऊ वर्षं उशिरा.

मग करायचं काय?

मैदानाचा हिशोबही समजून घ्या. मैदानाचा लिलाव होतो. ठेकेदार बोली लावून घेतो आणि तो पाळणेवाल्यांना पायाच्या मापाने जागा विकतो. बोली दरवर्षी वाढते. पाळणेवाल्याला आठ दिवसांत भाडं, डिझेल, वाहतूक, मजुरी सगळं काढायचं असतं. मग फेऱ्या वाढतात, वेग वाढतो, रात्री दोनपर्यंत पाळणा चालतो. क्लचवर बसलेलं पोरगं सकाळी दहापासून तिथंच असतं, पेंगत. कडी नीट लागली का, हे बघायला त्याच्याकडे डोळे उरलेले नसतात. आपण लिलावाची रक्कम वाढली म्हणून टाळ्या वाजवतो. ती रक्कम शेवटी कुणाच्या झोपेतून आणि कुणाच्या नट-बोल्टातून निघते, ते बघत नाही.

मोठ्या पार्कांची देशपातळीवर संघटना आहे, १९९९ पासून. जीएसटी आला तेव्हा या धंद्यावर २८ टक्के कर होता. उद्योगाने मागणी लावून धरली आणि २०१८ मध्ये तो १८ वर आला. चांगलं झालं. पण मामूंच्या बाजूने बोलायला कोण आहे? सोमवारच्या बैठकीत त्यांना खुर्चीसुद्धा नसणार.

जर्मनीचं अजून एक सांगतो. तिथं फिरत्या जत्रेतल्या मोठ्या पाळण्यांची एक तपासणी वही असते. पाळणा जिथं जाईल तिथं वही सोबत जाते. दुरुस्त्या, तपासण्या, सगळं त्यात. नव्या गावात पाळणा उभा राहिला की स्थानिक अधिकारी वही उघडतो आणि उभा केलेला पाळणा बघतो, मगच तो चालू होतो. याला रॉकेट सायन्स लागत नाही. आपल्याकडेही भारतीय मानक आहे, आयएस १५४७५, खास करमणुकीच्या राइड्ससाठी. कागदावर आपण कुठेच कमी नाही हो!

माझं म्हणणं एवढंच आहे:

१. पाळणे येऊ द्या. पण तपासणी पाळणा उभा राहिल्यावर, मैदानात, लोकांसमोर व्हावी. प्रमाणपत्रावर तारखेसोबत वेळ आणि तपासणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात. ते तिकीट खिडकीवर चिकटवा.

२. आपल्या गावात पॉलिटेक्निक आहे. मेकॅनिकलचे सर आणि शेवटच्या वर्षाची पोरं रोज दुपारी एक फेरी मारून कड्या, पिना, वेल्डिंग बघू शकतात. सहीचा अधिकार त्यांचा नसेल, पण डोळे तर आहेत. दोन सरांशी बोललोय, तयार आहेत.

३. ज्याच्यात दोष सापडेल तोच पाळणा बंद. एकाच्या कडीची शिक्षा सहा जणांना नको.

४. जागा पाळणेवाल्यांना थेट द्या, ठरलेल्या दराने. मधला ठेकेदार नको. (यावर कुणाला राग येणार ते मला माहीत आहे.)

५. रात्री अकराला बंद म्हणजे बंद. उंचीची पट्टी प्रत्येक पाळण्याला. आणि मैदानात रुग्णवाहिका, महिला पोलीस, बायकांसाठी संडास. मोठ्या पार्कातून शिकायचं ते हे शिका.

ज्यांना ऐपत आहे त्यांनी मोठ्या पार्कात जरूर जावं. मीही परत जाईन, धाकटं चार बोटं वाढलं की. पण 'हौस असेल तर तिकडं जा' हे ज्याच्या खिशात पन्नास रुपये आहेत त्याला सांगू नका. त्याच्यासाठी पाळणा बंद म्हणजे हौसच बंद.

काल रात्री मामूंना फोन केला. म्हटलं, "मामू, बैठकीचं मी सांगू शकत नाही. पण आलात तर वही घेऊन या. कुठला बोल्ट कधी बदलला, वेल्डिंग कधी केलं, सगळं लिहून."

"वही हाय की साहेब. डिझेलच्या उधारीची."

"तीच उलटी करून मागून लिहायला सुरू करा."

हसले. मग थोडं थांबून म्हणाले, "नातू आठवीला हाय. अक्षर चांगलंय त्याचं. त्याला सांगतो."

बैठक सोमवारी सकाळी अकराला, नगरपरिषदेच्या सभागृहात. मी जाणार आहे. ती नऊ वर्षांपूर्वीची तारीख सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे, आणि माझ्या मथळ्याबद्दल मामूंची माफीही तिथंच मागणार आहे. तुम्हीही या. विरोधात असाल तर विरोधात बोलायला या, पण या. निर्णय चार जणांनी घ्यायचा आणि आपण ग्रुपवर भांडायचं, हे बास झालं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी उत्तर देईन. फक्त भाषा जपा, माझी मुलगीही माझ्या पोस्ट वाचते.